दुपारी तीन ते चार

आमच्या गच्चीवरची पत्र्याची शेड मी प्रार्थनावाल्यांना दिली, तेव्हा मीनाने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. मीना माझी बायको. तिचं म्हणणं, दर गुरुवारी आपण दत्ताची आरती करायची आणि दर रविवारी डोक्यावर हालेलुया ऐकायचं, हे जमायचं कसं? मी म्हटलं, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं टर्बाइनच्या आवाजात काढलेल्या माणसाला हालेलुयाने काय होणार आहे! चौथ्या दिवशी मीना बोलायला लागली. पण ते माझ्या युक्तिवादामुळे नव्हे. वरची एक बाई खाली आली आणि म्हणाली, "वहिनी, झाडू द्या जरा. आमच्या लोकांच्या चपलांनी तुमच्या पायऱ्यांवर माती झाली हाय." ती भागीबाई भोये. झाडू परत देताना ती मीनाला चहा कर म्हणाली नाही, मीनानेच केला. तेव्हापासून आठ वर्षं ती आमच्या घरातल्यासारखीच आहे.

भागीबाई पेठ तालुक्यातली, डोंगरातली. नवरा बुधा. दोघं लग्नानंतर दर वर्षी टोळीबरोबर दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला यायची. छाटणी, मग मण्यांची विरळणी, मग खुडा, आणि पावसाच्या आधी नागली-भात पेरायला घरी. असे सोळा हंगाम केले. सतराव्या वर्षी घरी गेलीच नाहीत, नाशिकरोडला आमच्या सामनगाव रस्त्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली. बुधा गवंड्यांच्या हाताखाली जायला लागला आणि ती एका खानावळीत पोळ्या लाटायला. दिवसाला तीनशे पोळ्या. मूलबाळ नाही. बाई अंगाने काटकुळी, चालते भरभर, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघते. त्यामुळे सुरुवातीला मी दोनतीनदा कपाळ पुसून पाहिलं होतं.

ही माणसं विश्वासी कशी होतात, याची एक ठरलेली कहाणी असते. ते स्वतःला विश्वासीच म्हणवतात. ख्रिश्चन म्हटलं तर जरा खट्टू होतात. दर रविवारी कोणीतरी साक्ष द्यायला उभा राहतो: मी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, मग प्रभू मला भेटला. खाली बसून ऐकून ऐकून मला ती पाठ झाली आहे, मध्येच कोणी अडखळला तर मी खालून पुढचं वाक्य सांगू शकेन. म्हणून एकदा मी भागीबाईला म्हटलं, "बुधा किती प्यायचा?"

"त्यो कधी प्यालाच नाय," ती म्हणाली.

"मग मारायचा?"

"मारतोय कसला. त्यो कोंबडीला हाकलायला घाबरायचा."

"मग तुम्ही यांच्यात गेलात कशाला?"

"गुडघ्यासाठी." तिने गुडघ्यावर हात ठेवला. खानावळीतली ललिता तिला पहिल्यांदा घेऊन आली होती. पास्टर धनराजने नाव विचारलं, कशासाठी प्रार्थना करू म्हणून विचारलं. ही म्हणाली, गुडघा. पुढच्या रविवारी ती जिना चढून आली तर दारातच पास्टर म्हणाला, "भागीताई, गुडघा कसा आहे?"

"मग, बरा झाला होता?"

"कुठला! अजून दुखतो." ती हसली. "पन त्यानं इचारलं ना, नाना. दिंडोरीत सोळा हंगाम केले, मालकाला माझं नाव ठावं नव्हतं. मुकादमाच्या टोळीतली बाई, बस. इथं सत्तर मानसं हायेत आन् सत्तरांना माझं नाव माहीत हाय."

एवढ्या कारणासाठी माणूस देव बदलतो का, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

त्यांच्या श्रद्धा मला फरशीतून गळून गळून कळल्या. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, ख्रिस्ताच्या रक्ताने तरतो. तारण फुकट आहे, फक्त हात पुढे करायचा. बाप्तिस्मा शिंतोडे मारून होत नाही, पूर्ण बुडावं लागतं. भागीबाई आणि बुधा दिंडोरीकडच्या एका विश्वासी बागायतदाराच्या शेततळ्यात बुडाले; प्लास्टिकच्या अस्तरावरून बुधाचा पाय घसरला आणि पास्टरला धरून दोघे एकदम पाण्यात गेले, त्यामुळे पास्टरचा बाप्तिस्मा दुसऱ्यांदा झाला, असं ती सांगते. पवित्र आत्मा उतरला की माणूस अनोळखी भाषेत बोलतो. डोक्यावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेने आजार जातो. यावर लोकांच्या भुवया उंचावतात, म्हणून सांगून ठेवतो: वरची माणसं गोळ्याही घेतात. पास्टर धनराज मनमाडला रेल्वेत नोकरीला आहे आणि बीपीची गोळी चुकली तर त्याची बायको त्याला पवित्र आत्म्यासमोर झापते. गल्लीतले दोघेतिघे एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की तुमच्या गच्चीवर बाटवाबाटवी चालते. मी म्हटलं, मी त्यांच्या अगदी खालीच राहतो, मला कोणी बाटवलं नाही, फक्त टाळ्यांनी पंख्याचा हुक सैल झाला आहे, तो बसवून द्या.

त्यांची एकच गोष्ट मला पहिल्या दिवशी समजली, ती म्हणजे साखळी प्रार्थना. कोणी मरणाच्या दारात असलं की चोवीस तास वाटून घ्यायचे. प्रत्येकाला एक तास. आपापल्या घरी बसून त्या माणसासाठी प्रार्थना करायची, आणि तास संपला की पुढच्याला फोन करायचा: माझा तास झाला, तुमचा घ्या. पुढच्याने फोन उचलल्याशिवाय आपण उठायचं नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये हेच होतं. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही तर पॅनेल सोडायचं नाही, मग घरी लग्न असो नाहीतर मयत. फरक इतकाच, की आमची साखळी तुटली तर दिवे जायचे. त्यांची तुटली तर शत्रू आत शिरतो, असं ते मानतात. शत्रू म्हणजे सैतान. या साखळीची सगळी व्यवस्था कुसाबाईकडे होती. कुसाबाई वयाने साठीची, आवाजाने मोठी, मंडळीतली सगळ्यात जुनी. कोणाचा तास कधी ते तिला तोंडपाठ, आणि कोणाचा फोन उशिरा लागला तर ती रविवारी सगळ्यांदेखत विचारायची. पास्टरसुद्धा तिला वचकून असायचा.

पाच वर्षांपूर्वी बुधाला कावीळ झाली. साधी वाटली, पण तशी नव्हती. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होता. शेवटचे तीन दिवस मंडळीने साखळी लावली. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. आम्ही दोघं मातीला गेलो होतो. भागीबाई रडली नाही. डोळे कोरडे, ओठ घट्ट. बायका कुजबुजल्या, मीनालाही ते खटकलं, घरी आल्यावर ती म्हणाली, "दगड झाला हो बाईचा." मी म्हटलं, धक्का असतो. त्यानंतरही ती कधी रडली नाही. पोळ्या लाटत राहिली, रविवारी जिना झाडत राहिली. फक्त एक झालं. कुसाबाई डावीकडे बसली की ही उजवीकडे बसायची, आणि ते मला चपलांच्या जागेवरून कळायचं.

यंदाच्या फेब्रुवारीत कुसाबाईच्या डोक्यात गुठळी झाली. अंगणात पाणी भरताना कोसळली. मुलगा रोहित, त्याने लगेच दवाखान्यात नेलं. पण तीन दिवस ती शुद्धीवर आली नाही. साखळी लागली. कुसाबाईच आडवी, म्हणून तास ललिताने कागदावर लिहून वाटले. भागीबाईला दुपारी तीन ते चार मिळाला. तिच्या खोलीच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे, म्हणून तिने विचारलं, "नाना, मी वर शेडमधी बसू का?" मी म्हटलं, शेड तुमचीच आहे.

मी त्या दुपारी गच्चीवरच होतो. मीनाने कुरडया घातल्या होत्या आणि कबुतरांना हाकलण्याचं काम सेवानिवृत्त माणसाकडे आलं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. तीन वाजता भागीबाई आली, शेडमध्ये चटईवर बसली, बायबल मांडीवर घेतलं. दार उघडंच होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिचे ओठ हलेनात. एरवी ती प्रार्थनेला बसली की खालच्या बेडरूममध्ये आम्हाला वामकुक्षी मिळत नाही. मग तिने बायबल बाजूला ठेवलं, बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसून मोडक्या कुरडया वेगळ्या काढायला लागली.

"झाली प्रार्थना?" मी विचारलं.

"नाय व्हायची आज."

"का?"

"तिच्यासाठी नाय व्हायची."

मी चेष्टा करणार होतो, पण तिच्या तोंडाकडे पाहून खुर्ची पुढे ओढली. मग तिने सांगायला सुरुवात केली, कुरडयांकडे बघत. बुधा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मंडळी सांत्वनाला आली होती. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग कुसाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी साखळी लावली. देव तर खोटा नाही. विश्वासात कुठंतरी फट राहिली असणार." आणि तिने भागीबाईकडे पाहिलं.

"बोलतात लोक," मी म्हटलं. "मनावर कशाला घ्यायचं."

"घेतलं नसतं नाना. पन फट होती."

तिने दाराकडे एकदा बघून घेतलं, जणू कोणी जिन्यात असेल. मग म्हणाली, "माझी सासू. बयाबाई. ती आली होती गावाहून. भगताकडून दोरा आनला होता. ह्यांच्या खाटंच्या पायाला बांधला. मी बघितलं. विश्वासी मानसानं तसलं ठेवू नये, देवाला चालत नाय. मी हात पुढं केला सोडायला. म्हातारी माझ्याकडं बघत होती. तिचं एकच लेकरू. मला नाय सोडवला दोरा. तसाच राहिला. दोन दिवसांनी हे गेले."

टाकीचं पाणी टपटपत होतं. कबुतरं येऊन कुरडयांवर बसली तरी मी उठलो नाही.

"कुसाबाईला दोऱ्याचं म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "पन तिनं बरोबर बोट ठेवलं. मीच मारलं त्यांना. म्हनून तर रडले नाय. जिनं मारलं तिनं रडायचं कोन्त्या तोंडानं?"

मला राग आला, आणि तो नक्की कोणावर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या फटकळ बाईवर आलाच. पण असल्या देवावरही आला, जो खाटेच्या पायाचा दोरा बघून माणूस नेतो. मी तसं बोललो. भागीबाई म्हणाली, "देवाला नका बोलू." आणि परत कुरडया निवडायला लागली. तो पूर्ण तास ती तशीच बसून राहिली. चार वाजले तशी तिने फोन काढला, पुढचा तास ललिताचा होता. "ललिताताई, माझा तास झाला. तुमचा घ्या." शब्दाने ते खोटं नव्हतं. फोन ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली.

साडेपाचला खालच्या गल्लीत आरडाओरडा झाला. मला वाटलं, गेली बाई. खिडकीतून पाहिलं तर ललिता भागीबाईला मिठी मारून नाचत होती. रोहितचा निरोप आला होता: आईने डोळे उघडले. तीन वाजून चाळीस मिनिटांनी. माझं नाव घेतलं.

तीन वाजून चाळीस. म्हणजे कोणाचा तास? सगळ्यांनी कागद पाहिला आणि सगळ्यांना कळलं.

पुढचे दोन आठवडे भागीबाईने कसे काढले ते मी पाहिलं आहे. खानावळीत बायका पोरं घेऊन यायच्या, डोक्यावर हात ठेवा म्हणून. पिठाने भरलेले हात ती मागे घ्यायची. पास्टर धनराज मनमाडहून फोन करून म्हणाला, ताई, तुमच्यावर मध्यस्थीचा, दुसऱ्यांसाठी देवाकडे मागायचा, अभिषेक आहे, आता दर साखळीत तीन ते चार तुमचाच. रोहितने पेढे आणून दिले. ते तिने आमच्याकडे आणून ठेवले आणि मीनाला म्हणाली, माझ्या घशाखाली उतरत नाय. मंडळीने ठरवलं, की कुसाबाई घरी आली की पहिल्या रविवारी भागीबाईने साक्ष द्यायची. त्या तासात तिला काय दिसलं, आत्मा कसा उतरला, ते सांगायचं.

त्याच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. मीना आणि मी समोर बसलो. मीनाला मी सगळं सांगून टाकलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"उद्या काय सांगू, नाना?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "देवाची कृपा म्हणायचं आणि खाली बसायचं. कोणाचं काय बिघडतंय? बाई जगली. लोक खूश आहेत. तुम्ही एवढा मान कधी पाहिला होता?"

"गप्प बसा हो," मीना मला म्हणाली.

भागीबाई माझ्या कपाळाकडे बघत होती. "मी दोन आठवडे एकच इचार करते हाय. ह्यांच्यासाठी मी अकरा दिवस पाठ टेकली नाय. गुडघे सोलले. पान्यावर राहिले. हे गेले. कुसाबाईसाठी मी ओठ हलवला नाय. मनात कडू होतं माझ्या, मरू दे म्हनत होते. ती उठून बसली. मंग नाना, फट कुठं होती?"

तेहतीस वर्षं मी बिघाड शोधायची नोकरी केली. कुठला दिवा लाल झाला की कुठे बघायचं, मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. इथे बघायला पॅनेलच नव्हतं. ती काय म्हणते आहे ते मीनाला माझ्या आधी कळलं होतं. तिने पुढे होऊन भागीबाईचा हात धरला.

"तुम्हीच तर म्हणता की सगळं फुकट असतं," मीना म्हणाली. "मी खालून ऐकते ना दर रविवारी. हात पुढे करायचा म्हणे फक्त. मग तुमच्या दोऱ्यानं त्याचं काय अडलं असेल?"

"तेच," भागीबाई म्हणाली. "तेच माझ्या डोक्यात येतंय. पन हे बोलायचं तर मला तो तास पन सांगावा लागनार. आन् दोरा पन. गप्प राहिले तर मानपान, पन फट तशीच राहील माझ्या गळ्यात. बोलले तर ही मानसं काय म्हनतील? खोटारडी म्हनतील. भगतीन म्हनतील. माझं दुसरं कोन हाय, वहिनी?"

सत्तर माणसांना तिचं नाव ठाऊक होतं. तिला भीती होती ती ते गमावण्याची. मी पुन्हा म्हणालो, नका सांगू. माझा सल्ला मीना सहसा घेत नाही आणि त्या दिवशी भागीबाईनेही घेतला नाही, पण काय करणार तेही तिने सांगितलं नाही. उठून गेली.

रविवारी सकाळी कुसाबाईला आणलं. तिची उजवी बाजू अजून लुळी होती. आमचा जिना अरुंद, म्हणून खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवायचं ठरलं आणि त्या वेळी गडी तिघेच आले होते. चौथा मी. अशा रीतीने आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या सभेला गेलो, आणि उतरायला वाट नव्हती म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो.

गाणी झाली. ढोलकी, टाळ्या. खरं सांगतो, आत उभं राहिलं की तो आवाज खालच्यासारखा वाटत नाही. मग पास्टर धनराज म्हणाला, "आता आपली भगिनी साक्ष देईल. तीन ते चारची भगिनी!" सगळे हसले, हालेलुया झाला. भागीबाई उठली. हात पदरात गुंडाळलेले.

"प्रेज द लॉर्ड," ती म्हणाली. "त्या तासात मी प्रार्थना केली नाय."

लोकांना वाटलं, ही नम्रता आहे. मागून कोणीतरी आमेन म्हणालं.

"आमेन नका म्हनू. ऐका. मी खरंच केली नाय. हे नाना साक्षी हायेत, मी त्यांच्या कुरडया निवडत बसले होते. मला कुसाबाईचा राग होता. ती मेली तरी चालंल असं वाटत होतं मला. तो तास रिकामा गेला. साखळी तुटली होती. माझ्यापाशी तुटली होती." तिचा आवाज चिरका झाला, पण थांबला नाही. "आन् अजून एक. हे आजारी होते तेव्हा खाटंला भगताचा दोरा होता. सासूनं बांधला. मला दिसला, मी सोडला नाय. पाच वर्षं मी समजत होते त्या दोऱ्यानं हे गेले. आता मला तसं वाटत नाय. साखळी तुटली तरी देवानं कुसाबाईला उठवलं. मग दोऱ्यासाठी त्यो ह्यांना मारील का? एवढंच सांगायचं होतं. आता तुम्ही मला काय म्हनायचं ते म्हना."

पास्टर धनराजने माइक तोंडापाशी नेला आणि परत खाली घेतला. ललिताने मान खाली घातली. एक म्हातारा उठून काहीतरी बोलणार होता, सैतानाबद्दलच असावं, त्याने बोट वर केलं होतं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"दोरा... नाय."

कुसाबाई होती. तिच्या तोंडाची एक बाजू अजून साथ देत नव्हती, शब्द ओढून काढावे लागत होते. रोहित तिच्यावर वाकला, "आई, राहू दे, त्रास होईल." तिने चांगल्या हाताने त्याला बाजूला ढकललं.

"बुधाच्या येळी... पहाटंचा चारचा तास... माझा. मी झोपले." ती दम खायला थांबली. "जाग आली तर... सहा. पुढं फोन... दिलाच नाय. सात वाजता... तो गेला." डोळ्यांतून पाणी गालावरून थेट खाली येत होतं, आणि ते पुसायला तिचा लुळा हात उचलत नव्हता, चांगल्या हाताने तिने खुर्ची धरून ठेवली होती. "कुनाला सांगितलं नाय. भीती वाटली. तुझ्यावर... ढकललं."

मी भिंतीला टेकलेलो सरळ झालो. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. आजारी बाई आहे हे विसरून मी तिची खुर्ची गदागदा हलवली असती. पाच वर्षं! पाच वर्षं एका बाईला नवऱ्याची खुनी म्हणून जगवलं आणि रविवारी तिच्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी भागीबाईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर क्षणभर तेच आलं असावं जे माझ्या मनात होतं. तिने मूठ आवळली, मला दिसली. मग ती चालत खुर्चीपर्यंत गेली आणि स्वतःच्या पदराने कुसाबाईचा गाल पुसला.

"झोपलीस तर झोपलीस," ती म्हणाली. "मी तुझ्या येळी जागी राहून काय दिवे लावले? तुझ्या झोपेनं नाय गेले ते. माझ्या दोऱ्यानं पन नाय गेले." पुढचं वाक्य तिला जड गेलं. ते तिने आधी मनात म्हणून पाहिल्यासारखं वाटलं. "त्यांची कावीळच वाईट होती गं."

आणि तिथेच, कुसाबाईच्या मांडीवर डोकं टेकून, ती रडायला लागली. आधी आवाज आला नाही, नुसती पाठ हलत होती. मग आला. डोंगरातल्या बायका मयताला रडतात तशी, नवऱ्याचे गुण सांगत, त्याला हाका मारत ती रडत होती. कोणी प्रार्थना केली नाही, कोणी हालेलुया म्हणालं नाही. कुसाबाईचा चांगला हात तिच्या पाठीवर होता.

मला तिथे थांबवेना. मी माणसांमधून वाट काढत जिना उतरलो. खाली मीना दार उघडून उभी होती, हातात पीठ, चेहरा घाबरलेला.

"काय झालं हो? कोण रडतंय एवढं?"

"भागीबाई," मी म्हटलं. "बुधा गेला."